एकोणिसाव्या शतकातील डॅनिश स्त्रीचा कुलशोध

एखाद्या डॅनिश स्त्रीचे कुलवृत्त शोधावयास निघालेल्या अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो तिच्या नावाचा. ग्रामीण डेन्मार्कमध्ये सामान्य जनांस स्थिर कुलनाम असे नव्हतेच. बापाच्या नावास ‘सेन’ अथवा ‘डॅटर’ हे पद जोडले की मुलाचे वा मुलीचे नाव सिद्ध होई. येन्सची कन्या ती येन्सडॅटर. विवाहानंतरही दप्तरात ती बहुधा येन्सडॅटरच राही. इ. स. १८२८ च्या राजाज्ञेने बाप्तिस्म्याच्या वेळीच कुलनाम द्यावे असे ठरविले आणि पुढे कन्याही ‘सेन’ म्हणवू लागल्या. तथापि खेड्यांतून जुनी रीत कित्येक दशके टिकली. म्हणून एका नोंदीतील येन्सडॅटर व दुसरीतील येन्सेन या दोन भिन्न स्त्रिया मानण्याची घाई करू नये. (आपल्याकडे सासरी नावच पालटलेल्या स्त्रीचा माहेर शोधताना जी वाट खुंटते, ती तेथे पुष्कळशी मोकळी राहते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.)

शोध उलट दिशेने, म्हणजे मृत्यूकडून जन्माकडे न्यावा. शिरगणतीपैकी १७८७, १८०१, १८३४ व १८४० या वर्षांच्या याद्यांत जन्मस्थळ नाही. १८४५ पासून जन्माचा पॅरिश नोंदला जाऊ लागला. त्यामुळे त्या वर्षी हयात असलेल्या स्त्रीचा माग सहसा लागतो. पॅरिश कळला की तेथील चर्चचे नोंदपुस्तक उघडावे. १८१४ पासून या पुस्तकांस छापील रकाने आले, शिवाय दोन प्रती ठेवून त्या एका छपराखाली रात्रभर राहू नयेत असा दंडक घालण्यात आला. आगीत एक प्रत गेली तरी दुसरी उरावी, हा हेतू. याच पुस्तकांत गावात येणाऱ्या व गाव सोडणाऱ्या माणसांच्या याद्या असत. पुरुषांसाठी लष्करभरतीच्या याद्या आहेत. स्त्रियांसाठी तसे काही नाही. म्हणून दरसाल घर बदलणाऱ्या मोलकरणीचा मार्ग याच याद्यांतून जोडावा लागतो. शतकाच्या उत्तरार्धात त्या बंद पडल्या, ही हानी मोठीच होय.

विवाहबाह्य संततीच्या बाबतीत पित्याचे नाव आईच्या सांगण्यावरून लिहिले जाई, आणि जन्मापूर्वी दहा महिने आई कोठे राहत होती हेही पुष्कळदा नोंदवीत. अशा नोंदीतील पिता हा निर्विवाद पुरावा नव्हे. कोपनहेगनच्या प्रसूतिगृहात तर आईस स्वतःचे नावही गुप्त ठेवता येत असे. तेथे कुलशोध खुंटतो. १८५० मध्ये राजा सातवा फ्रेडरिक याच्याशी विवाहबद्ध झालेली लुईस रासमुसेन (१८१५–१८७४) ही मोलकरणीची अनौरस कन्या होती, आणि तिचे कुलनाम आईचेच आहे. केवळ नावावरून रासमुस नामक पिता शोधणारा अभ्यासक येथे फसेल.

नामसाम्याचा धोका सर्वत्र आहे. एकाच पॅरिशमध्ये एकाच वयाच्या दोन आने येन्सडॅटर आढळणे नवल नव्हे, आणि चुकीची निवडली की मागील सारी पिढी परकी होते. यावर एक अनपेक्षित साधन उपयोगी पडते. १८१० पासून देवीची लस टोचून घेतल्याखेरीज दृढीकरण अथवा विवाह होत नसे. त्यामुळे लशीची तारीख व टोचणाऱ्याचे नाव दोन्ही नोंदींत लिहिलेले सापडते. वय नोंदविताना पाद्री चुकतो, पण दृढीकरण व विवाह या दोन्ही ठिकाणी लशीची तारीख एकच असेल तर ती स्त्रीही एकच, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.