माओरी बालवाडीतली शिक्षिका

न्यूझीलंडमध्ये १९८२ साली, वेलिंग्टनजवळच्या वैनुइओमाता इथे पहिलं 'कोहांगा रेओ', म्हणजे माओरी भाषेतली बालवाडी, सुरू झालं. माओरी घरांमध्ये माओरी भाषा बोलणं थांबत चाललं होतं. अस्खलित बोलणारे उरले होते ते बहुतेक म्हातारेच. मग शाळेआधीची पाच वर्षं मुलं या आजी-आजोबांच्या सहवासात ठेवायची, असं ठरलं.

इथल्या शिक्षिकेचं प्रशिक्षणही याच मुशीतलं. 'फाकापाकारी' हा तिचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यात बालमानसशास्त्र आहेच, पण बरंचसं शिकणं होतं ते मुलांमध्ये वावरताना, वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली. प्रार्थना, गाणी, वंशावळी मुखोद्गत हव्यात. स्वतःची ओळख करून देताना आधी आपला डोंगर, आपली नदी, आपलं कूळ सांगायचं आणि नाव शेवटी, ही रीत तिच्या अंगवळणी पडलेली असावी लागते, कारण मूल ती तिच्याकडूनच उचलतं. हे नुसत्या वर्गात बसून साधणारं नाही, आणि माझ्या मते प्रशिक्षणाचं खरं बळ तिथेच आहे.

मुलांना काय शिकवायचं ते सांगणारा सरकारी बालशिक्षण अभ्यासक्रम 'ते फारिकी' १९९६ साली आला, तो द्वैभाषिक होता. २०१७च्या सुधारणेत कोहांगा रेओसाठी त्याची स्वतंत्र आवृत्ती निघाली.