सामोआचा मास्तर

काही नट असे असतात की त्यांचा चेहरा आपण विसरत नाही, पण नाव मात्र कधी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी रात्रीची जेवणं आटोपली, की आमच्या घरातली मुलं ‘हवाई फाइव्ह-ओ’ ही अमेरिकन मालिका पाहत बसत. 2010 ते 2020 अशी दहा वर्षं ती चालली. पाठलाग, गोळीबार आणि मागे निळाशार समुद्र. मी पेपरातून अधूनमधून मान वर करी, इतकंच. एके रात्री मात्र पेपर खाली ठेवला. पडद्यावर मामो नावाचा एक म्हातारा आला होता. पांढरे केस, सावळा वर्ण, भरदार अंग. त्याचा धंदा म्हणजे किनाऱ्यावर लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या भाड्यानं देणं. पण तरण्या पोलिसांशी त्याचं बोलणं मला फार ओळखीचं वाटलं. तो संवाद म्हणत नव्हता, समजावून सांगत होता. मी सहज म्हणून गेलो, ‘‘हा गृहस्थ पूर्वी मास्तर असणार.’’ मुलं हसली.

पुढे शोध घेतला, तर गृहस्थ खरोखरच मास्तर निघाले. नाव अल हॅरिंग्टन. विषय इतिहास.

जन्म 12 डिसेंबर 1935चा, अमेरिकन सामोआतल्या पागो पागो या बंदरगावचा. सॉमरसेट मॉमची ‘रेन’ ही कथा वाचलेल्यांना हे पावसात बुडालेलं बंदर आठवेल. लिहितात पागो पागो, पण तिथली माणसं म्हणतात पांगो पांगो. एकोणिसावं शतक संपता संपता बड्या सत्तांनी सामोआ बेटं आपसांत वाटून घेतली. पूर्वेकडची बेटं अमेरिकेकडे गेली, पश्चिमेकडची आधी जर्मनीकडे आणि मग न्यूझीलंडकडे. पश्चिम सामोआ 1962 साली स्वतंत्र झाला. पूर्वेकडचा सामोआ अजून अमेरिकेचाच आहे. पण तिथं जन्मलेलं मूल जन्मानं अमेरिकेचा पूर्ण नागरिक होत नाही. आपलं म्हणायचं, पण पंगतीत थोडं मागे बसवायचं, असा हा प्रकार.

मुलाचं नाव ताउसाउ होतं. लहानपणीच तो हवाईतल्या होनोलुलूला आला आणि सावत्र वडिलांच्या आडनावानं अल हॅरिंग्टन झाला. पुनाहो शाळेत तो फुटबॉलमध्ये चमकला. (पुढे बराक ओबामा शिकले ती हीच शाळा.) स्टॅनफर्ड विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेतली. व्यावसायिक फुटबॉलचं बोलावणं आलं होतं, ते त्यांनी नाकारलं. परत येऊन आपल्याच शाळेत ते इतिहास शिकवू लागले, मुलांना फुटबॉलही शिकवू लागले.

चांगली नोकरी, मानाची शाळा. आपल्याकडे वडीलधारी मंडळी म्हणाली असती, आता स्वस्थ राहा. पण अभिनयाचा किडा डोक्यात शिरला की स्वस्थता संपते. माझी उमेदीची सगळी वर्षं बँकेत गेली, तेव्हा असे किडे मी पुष्कळ पाहिलेत. आमच्या शाखेतला एक रोखपाल बँकांच्या एकांकिका स्पर्धेत बक्षिसं मिळवायचा आणि दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला नोटा मोजायला हजर असायचा. त्यानं नोकरी सोडली नाही. हॅरिंग्टननी सोडली.

‘हवाई फाइव्ह-ओ’ ही मूळ मालिका 1968 ते 1980 या काळात चालली. तिचं चित्रीकरण होनोलुलूतच व्हायचं. हॅरिंग्टनना आधी त्यात गुन्हेगारांची कामं मिळाली, तीही एकाहून अधिक वेळा. मग 1972 साली नशीब पालटलं आणि ते त्याच पथकात बेन कोकुआ नावाचे पोलीस अधिकारी झाले. हवाईच्या भाषेत कोकुआ म्हणजे मदत. काही वर्षं हा मदतीचा हात अमेरिकेच्या घराघरांत दिसत राहिला.

पण इथंच एक गंमत आहे, आणि थोडं दुःखही. बेन कोकुआ हवाईचा. हॅरिंग्टन सामोआचे. होनोलुलूपासून पागो पागो सुमारे 4,200 किलोमीटरवर, म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारीपेक्षाही दूर. दोघांच्या भाषा बहिणी-बहिणी असल्या तरी एक नव्हेत. पण कॅमेऱ्याला सावळा, धिप्पाड बेटकरी हवा होता. तो कुठल्या बेटाचा, याची चौकशी कोण करतो? 1994 सालच्या ‘व्हाइट फँग 2’ या चित्रपटात तर ते उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरल्या हायदा जमातीचे नायक झाले. आपण यावर हसू नये. हिंदी सिनेमात वर्षानुवर्षं दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस ‘मद्रासी’ होता, आणि मराठी माणूस बहुधा हवालदार. आपल्याला ते खुपलंच की!

मग या इतिहासाच्या मास्तरानं काय केलं? मालिका सोडल्यावर त्यांनी वायकिकीला स्वतःचा रंगमंच उभा केला. जवळजवळ वीस वर्षं रोज रात्री ते पर्यटकांना बेटांची गाणी, नाच आणि गोष्टी दाखवत राहिले. लोक त्यांना ‘साउथ पॅसिफिक मॅन’ म्हणून ओळखू लागले. असल्या कार्यक्रमांना कुणी सवंग म्हणेल. पण मला वाटतं, शाळेतला वर्ग त्यांनी सोडला होता, शिकवणं नाही. कॅमेरा सांगेल तो मुखवटा त्यांनी घातला. इथं मात्र आपण कोण, हे ते स्वतः सांगत होते, स्वतःच्या नावानं, समोर बसलेल्या माणसांना.

2010 साली मालिका नव्यानं सुरू झाली, तेव्हा पंचाहत्तरीला आलेल्या हॅरिंग्टनना तिनं पुन्हा बोलावलं. 2011पासून ते मामो होऊन येत राहिले. मामोही हवाईचाच. पण आता ते गुन्हेगार नव्हते, आणि हुकूम पाळणारे अधिकारीही नव्हते. ते होते बेटांच्या जुन्या गोष्टी ठाऊक असलेलं एक वडीलधारं माणूस. चाळीस वर्षं फिरून भूमिका शेवटी त्यांच्यापाशी आली होती.

21 सप्टेंबर 2021 रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, होनोलुलूत ते गेले. मला आमचा रोखपाल आठवला. नोकरी सोडणारा शहाणा की टिकवणारा, याचा हिशेब मी अजून जुळवू शकलेलो नाही. एवढं मात्र उमगलं, की माणूस पेशे बदलतो, नाव बदलतो, दुसऱ्याच्या बेटाचा होऊन जगतो. पण आत पक्कं मुरलेलं असेल ते आवाजातून बाहेर येतंच.

नातवाला हे सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘आजोबा, त्यांचं खरं नाव काय म्हणालात?’’

मी म्हटलं, ‘‘ताउसाउ.’’

त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं.