कॅमेरा घ्यायचाय? पाव किलोचा की अर्ध्या किलोचा?

मैत्रिणींनो, एक काम कराल? आज दुपारी मागचं आवरलं, की कपाटाच्या वरच्या फळीवरचा जुना अल्बम खाली काढा आणि त्यात तुमच्या आईचा एक फोटो शोधा. लग्नातला नको, मुंजीतला नको, नथ घालून पाटावर बसलेला तर नकोच. रोजच्यातला हवा. पोळ्या लाटताना, तांदूळ निवडताना, शेजारणीशी दारात उभं राहून बोलताना.

सापडला?

मी शोधला तेव्हा मला एकही सापडला नाही. आमच्याकडे वडिलांचा आग्फा क्लिक थ्री होता. एका रोलमध्ये १२ फोटो यायचे. रोलचे पैसे वेगळे, धुवायचे वेगळे. त्यामुळे ते १२ फोटो सणासमारंभासाठी जपून ठेवलेले. आई काय, रोज दिसतेच! तिच्यावर रोल कोण घालवणार? आज आई नाही. पोळी लाटताना ती कशी दिसायची हे मला डोळे मिटले की दिसतं, पण माझ्या मुलीला दाखवायला माझ्याजवळ काही नाही.

म्हणून मागे भिशीचे पैसे हाती आले, त्यात थोडे साठवलेले घातले आणि ठरवलं, रोजचे फोटो काढायला एक चांगला छोटा कॅमेरा घ्यायचा. स्वतःसाठी. घेताना जी शोधाशोध केली, ती तुमच्याही उपयोगी पडावी म्हणून हा लेखप्रपंच.

मोबाइल आहे की!

हे वाक्य तुम्हालाही ऐकावं लागेल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. मोबाइलचे फोटो वाईट येतात असं मुळीच नाही. भर उजेडात तर फार छान येतात. पण कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारा जो तुकडा असतो, ज्याला सेन्सर म्हणतात, तो मी सांगणार आहे त्या कॅमेऱ्यांत मोबाइलच्या मानाने कितीतरी मोठा असतो. त्यामुळे कमी उजेडात चेहरा चेहऱ्यासारखा येतो, पीठ थापल्यासारखा गुळगुळीत होत नाही. दुसरं म्हणजे, कॅमेऱ्यावर फोन येत नाही, सुप्रभातचे निरोप येत नाहीत आणि मुलं तो खेळायला मागत नाहीत. हातात घेतला की तो फोटोसाठीच घेतलेला असतो.

तरीही मोबाइलवर तुमचं समाधान असेल, तर पैसे वाचवा. खरंच सांगते.

दोन कॅमेरे, दोन स्वभाव

रोजच्या वापरासाठी जाणकारांना विचारलं, की फिरून फिरून दोन नावं पुढं येतात. एक रिको कंपनीचा जीआर, दुसरा फुजीफिल्मचा एक्स-१००. दोन्ही जपानी. दोघांचं भिंग कायमचं बसवलेलं, म्हणजे काढून दुसरं लावता येत नाही. आणि भिंग पुढंमागं करून लांबचं जवळ आणण्याची, म्हणजे झूमची सोयही नाही. जवळचा फोटो हवा तर आपणच दोन पावलं पुढं जायचं. ऐकायला अडचण वाटते, पण वडिलांचा क्लिक थ्रीसुद्धा असाच होता की! आणि एकच भिंग असलं, की आठ दिवसांत आपल्याला अंदाज येतो, कुठं उभं राहिलं म्हणजे काय मावेल.

जीआर थ्री २०१९ साली आला आणि २०२५ साली त्याच्या जागी जीआर फोर आला. आतलं बरंच सुधारलं, तरी स्वभाव तोच राहिला. एक्स-१०० घराण्यातला पहिला कॅमेरा २०११ साली बाजारात आला. एक्स-१०० सिक्स हा २०२४ मधला.

आता वजन बघा. बॅटरी आणि कार्डासकट जीआर थ्री २५७ ग्रॅम, एक्स-१०० सिक्स ५२१ ग्रॅम. म्हणजे एक पाव किलो आणि दुसरा अर्धा किलो! सगळ्या चर्चेचं सार मला तरी या दोन आकड्यांत सापडलं. पाव किलोचा गाऊनच्या खिशात किंवा पर्समध्ये पडून राहतो. अर्ध्या किलोचा गळ्यात अडकवावा लागतो, म्हणजे तो घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं.

स्वयंपाकघरात किती मावतं?

समोरच्या भिंतीपासून सहा फुटांवर उभं राहून फोटो काढला, तर जीआरमध्ये भिंतीची पावणेआठ फूट रुंदी येते आणि एक्स-१०० मध्ये सहा फुटांच्या जरा वर. आपली स्वयंपाकघरं केवढी असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. मागं सरकायला गेलं तर पाठ फ्रिजला लागते. अशा जागेत ओटा, गॅस आणि पोळ्या करणारी बाई, सगळं एकत्र टिपायचं तर जीआर सोयीचा.

पण त्याचा तोटाही आहे. फार जवळ जाऊन चेहरा टिपला तर नाक मोठं दिसतं आणि घोळक्यात अगदी कडेला उभ्या असलेल्या काकू जरा ताणल्यासारख्या येतात. एक्स-१०० मध्ये हे कमी होतं. माणसांचे फोटो त्यात अधिक सहज, डोळ्यांना दिसतात तसे येतात. (जीआर थ्रीचा 'थ्री एक्स' नावाचा एक भाऊ २०२१ साली आला. तो याहूनही अरुंद बघतो. ज्यांना फक्त चेहरेच टिपायचे असतील त्यांनी तोही बघावा.)

यावर एक फुकटचा प्रयोग सांगते. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा साधारण जीआरइतकंच किंवा थोडं जास्तच रुंद बघतो. तेव्हा आठ दिवस मोबाइलवर झूम अजिबात न करता फोटो काढा. 'बरं मावलं सगळं' असं वाटत राहिलं, तर तुमचा पिंड जीआरचा. 'छे, अजून जवळ हवं होतं' असं वाटत राहिलं, तर एक्स-१०० चा.

दिवेलागणीचा उजेड

देवघरात समई लावली आहे, नातवंडं शुभंकरोति म्हणतायत. असा फोटो कुणाला नको असतो? इथं एक्स-१०० उजवा. त्याचं भिंग पूर्ण उघडलं की जीआरच्या दुप्पट उजेड आत घेतं. शिवाय त्यात छोटा फ्लॅश आहे. जीआर थ्रीमध्ये नाही आणि फोरमध्येही नाही. वेगळा विकत घेऊन वर बसवावा लागतो. हात थोडा हलला तर सांभाळून घेण्याची सोय दोन्हींत आहे, एक्स-१०० सिक्समध्ये जीआर थ्रीपेक्षा जास्त चांगली. पण लक्षात ठेवा, ही सोय आपला हात सांभाळते. पळणारं पोर नाही सांभाळत!

पळणाऱ्या पोरासाठी जीआरमध्ये एक युक्ती आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं, समजा दीड मीटर. मग बटण एका दमात पूर्ण दाबलं, की कॅमेरा शोधत न बसता त्या अंतरावरचं चटकन टिपतो. तो चालूही एका सेकंदाच्या आत होतो, आणि एका हातानं चालतो. दुसऱ्या हातात झारा असला तरी चालेल.

डोळे, गुडघे आणि चष्मा

ह्या गोष्टी माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत, पण आपल्या वयाला महत्त्वाच्या.

जीआरला डोळा लावून बघायची खिडकी नाही. मागच्या काचेवर बघूनच फोटो काढायचा. चाळिशी लागलेल्यांना त्यासाठी आधी चष्मा शोधावा लागतो. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात आणि ऊन मी म्हणतंय, अशा वेळी काचेवर काही दिसतही नाही. एक्स-१०० ला खिडकी आहे आणि तिचा नंबर आपल्या डोळ्यांप्रमाणे थोडा कमीजास्त करता येतो.

दुसरं गुडघ्यांचं. रांगत्या मुलाचा फोटो त्याच्याच उंचीवरून छान येतो. एक्स-१०० सिक्सची मागची काच वर उचलता येते, त्यामुळे कॅमेरा खाली धरून वरून बघता येतं. जीआरची काच जागची हलत नाही, आपल्यालाच खाली बसावं लागतं.

बॅटरीचंही ऐका. ठरीव चाचणीत जीआर थ्रीचे एका बॅटरीवर सुमारे २०० फोटो निघतात, एक्स-१०० सिक्सचे सुमारे ४५०. जीआर थ्री घेणारीनं दुसऱ्या बॅटरीचे पैसे हिशेबात धरावेत.

दुकानदार सांगेल, पण…

दुकानात तुम्हाला सांगतील, "ताई, ह्याच्यात ४० मेगापिक्सेल, त्याच्यात २४च!" दडपून जाऊ नका. २४ मध्येसुद्धा २० इंच लांबीचा फोटो स्वच्छ छापून येतो. अल्बममधला फोटो असतो ४ बाय ६ इंचांचा. ४० चा फायदा एवढाच, की नंतर कडा कापून मधलंच मोठं करायला वाव राहतो.

भावाचं म्हणाल तर २०१९ साली जीआर थ्री अमेरिकेत सुमारे ९०० डॉलरला आला, २०२४ साली एक्स-१०० सिक्स सुमारे १,६०० डॉलरला. तेव्हा रिको चांगलाच स्वस्त होता. पण २०२५ चा जीआर फोर सुमारे १,५०० डॉलरला निघाला, म्हणजे नवाकोरा घ्यायचा तर आता मोठा फरक राहिला नाही. आपल्याकडचे भाव दोन-तीन ठिकाणी विचारा, आणि पक्की पावती व वॉरंटी इथली आहे ना, ते बघूनच पैसे मोजा.

वापरलेला घेणार असाल, तर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढून मोठा करून बघा. भिंग जास्तीत जास्त बारीक करून काढा, म्हणजे आत धूळ असेल तर काळसर ठिपके उठून दिसतील. बॅटरी फुगलेली नाही ना, तेही पाहा.

वन्संनी काय घेतलं, मी काय घेतलं

माझ्या थोरल्या वन्सं मोठ्या घरात राहतात. येणंजाणं, सणवार, गौरी-गणपती, सगळं तिथंच. त्या म्हणाल्या, "अगं, मला फोटो काढायचा म्हणजे नीट बसून, सगळ्यांना गोळा करून काढायचा असतो. शिवाय त्या काचेत बघायचं तर माझा चष्मा कायम देवघरात राहिलेला!" त्यांनी एक्स-१०० घेतला. गौरीच्या आरतीचे त्यांनी काढलेले फोटो बघून मला क्षणभर हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

मी वापरलेला जीआर थ्री घेतला. माझं घर तीन खोल्यांचं. माझे फोटो उभ्या उभ्या, कामाच्या मध्येच होतात. सासूबाई खिडकीशी बसून वाती वळतात तेव्हा मी कॅमेरा आणायला आत गेले तर त्या पदर सारखा करतात आणि ताठ बसतात. मग तो फोटो पुन्हा मुंजीतलाच होतो! कॅमेरा खिशातच असला तर त्यांना कळतही नाही. आता मागाहून त्यांना दाखवते. आधी म्हणाल्या, "मेलं, हे काय काढलंस?" आणि मग म्हणाल्या, "एक छापून दे हो. माझ्या भावाला पाठवीन."

तेव्हा कोणता चांगला, असं विचारू नका. तुमच्या घरातले फोटो कुठं आणि कधी होतात ते आधी बघा. बेत करून काढत असाल तर अर्धा किलो. कामाच्या गर्दीत काढत असाल तर पाव किलो. आणि जो कपाटात राहील असं मनातून वाटतंय, तो कितीही चांगला असला तरी घेऊ नका.

सांभाळायचा कसा?

१. जीआरचं भिंग आतबाहेर होतं आणि तो धूळबंद नाही. पिठाच्या, मसाल्याच्या हातानं उचलू नका. कापडी पिशवीत ठेवा. एक्स-१०० ला पुढं वेगळी कडी आणि काच बसवली तरच धूळपाण्यापासून पूर्ण राखण होते.

२. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगावर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. तांदळात ठेवू नका, त्याची पूड आत जाते.

३. महिन्यातून एकदा फोटो संगणकावर किंवा वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि त्यातले निवडक दहा छापून घ्या. अल्बम हातात धरता येतो.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. फोटो काढणारी बाई फोटोत कधीच नसते. कॅमेरा तुमचा झाला, की पुढच्या अल्बममधून तुम्हीच गायब व्हाल! तेव्हा आठवड्यातून एकदा तो यजमानांच्या नाहीतर लेकीच्या हातात द्या आणि सांगा, "मी पोळ्या करतेय, काढ." केस विंचरायला जाऊ नका, पदर सारखा करू नका.

पुढं कधीतरी एका दुपारी तुमची लेक अल्बम खाली काढेल. तिला सापडायला हवा.