मशीनच्या पोटातली काजळी

कंदिलाची काच काळी झाली की आपण काय करतो? फडके घेतो आणि काच पुसतो. काच पुसली की तोच कंदील पुन्हा लख्ख उजेड देतो. तेल तेच, वात तीच. आड येत होती ती काजळी.

होडीच्या मागच्या फळीला जे मशीन लावतात, त्याचेही असेच आहे. फरक एवढाच, की कंदिलाची काजळी डोळ्यांना दिसते. मशीनची काजळी त्याच्या पोटात असते. म्हणून तिच्याकडे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते एकदम खाडीच्या तोंडाशी, ओहोटीच्या ओढीत, मशीन बंद पडल्यावर! तेव्हा वारा थांबत नाही आणि लाटही थांबत नाही. जाळे तर जातेच. पण होडी खडकावर गेली तर जिवावर बेतते.

असे मशीन ओले एव्हिनरूड नावाच्या कारागिराने १९०९ साली अमेरिकेत बाजारात आणले. आज आपल्या कोकणातही ते पुष्कळ होड्यांना दिसते. यातली बरीच मशीने अशी असतात, की त्यांत इंधनातच तेल मिसळून घालावे लागते. त्या मशीनांविषयी आपण इथे बोलू.

काजळी का धरते?

मशीनमध्ये एक पोकळ नळकांडे असते. त्याला सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन वरखाली होतो. प्लगची ठिणगी पडली की इंधन पेटते, पिस्टनला रेटा बसतो आणि पंखा फिरतो.

इंधन पुरते जळले तर काजळी होत नाही. अर्धवट जळले तर होते. ओले लाकूड चुलीत घातले की धूर होतो ना, तसेच. त्यातून इथे इंधनाबरोबर तेलही जळते. त्याचा कीट पिस्टनच्या माथ्यावर आणि धूर बाहेर जायच्या भोकात बसतो. रोज थोडा थोडा बसतो आणि पुढे दगडासारखा घट्ट होतो.

मग काय होते? धूर जायची वाट अरुंद होते. मशीनचा दम कोंडतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा कीट धरून चिकटतात, आणि रेटा बाजूने निसटतो. कधी कधी कीट निखाऱ्यासारखा लाल होतो. मग ठिणगी पडायच्या आधीच इंधन पेटते. पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. हा धातू सुमारे ६६० अंशांवर वितळतो. उष्णता फार वाढली तर पिस्टनला भोक पडते. मग साधी सफाई पुरत नाही. मोठा खर्च येतो.

ओळखावे कसे?

मशीन लवकर सुरू होत नाही. जोर कमी लागतो, पण इंधन जास्त जाते. दोरी ओढताना हाताला पूर्वीसारखा अडसर लागत नाही. आतून ठणठण आवाज येतो. प्लग काढून पाहावा. त्याचे टोक बिस्किटासारखे तपकिरी असेल तर ठीक. काळे आणि तेलकट असेल तर समजावे, आत काजळी साठते आहे.

साफ कशी करावी?

पावसाळ्यात होडी वर ओढली की हे काम काढावे. तेव्हा घाई नसते. काम मोकळ्या हवेत करावे. जवळ विडी पेटवू नये, चूल नसावी. आधी प्लगची वायर काढून बाजूला ठेवावी, म्हणजे मशीन अवचित सुरू होणार नाही.

वरच्या झाकणाचे, म्हणजे हेडचे, बोल्ट थोडे थोडे सैल करावेत. खाऱ्या पाण्याने बोल्ट गंजलेले असतात. जोर करू नये. तेल सोडून रात्रभर ठेवावे. तरीही निघाले नाहीत तर मिस्त्रीला बोलवावे. बोल्ट आत तुटला तर काम दुप्पट होते.

हेड निघाले की पिस्टन वर आणावा. पिस्टनच्या कडेने ग्रीस भरावे, म्हणजे खरवडलेला कीट फटीत न जाता ग्रीसला चिकटतो. मग कीट खरवडावा. कशाने? लाकडाच्या किंवा बांबूच्या पट्टीने! लोखंडी पटाशी वापरू नये. ॲल्युमिनियम मऊ असते, त्याला ओरखडे पडतात. घासकागदही नको. त्याची रेती आत राहिली तर सिलिंडर खाते. घट्ट कीट रॉकेलने भिजवून मऊ करावा. मग पिस्टन खाली न्यावा, आणि धूर जायचे भोक साफ करावे. शेवटी सगळे ग्रीस आणि सगळा कीट स्वच्छ फडक्याने पुसून घ्यावा. एक कणही आत राहू देऊ नये.

रिंगा चिकटलेल्या असतील तर मशीन आणखी उघडावे लागते. ते काम जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

हेड बसवताना पॅकिंग नवे घालावे. बोल्ट मधून बाहेर, आणि समोरासमोरचे, असे थोडे थोडे आवळावेत. किती आवळायचे ते मशीनच्या पुस्तकात लिहिलेले असते. आता आपल्याला वाचता येते. मग पुस्तक पेटीत कशाला ठेवायचे?

मशीन कोरडे सुरू करू नये. खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवूनच सुरू करावे. नाहीतर आतला पाण्याचा पंप जळतो. बंद खोलीत तर मुळीच चालवू नये. त्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. तो माणसाचा जीव घेतो.

पुन्हा धरू नये म्हणून

काही जण म्हणतात, "थोडं तेल जास्त घातलं तर काय बिघडलं? मशीनला बरंच की!" पण तसे नाही. जास्त तेलाने काजळी वाढते, आणि कमी तेलाने पिस्टन घासतो. तेल मापानेच घालावे. पुस्तकात ५० भागांस १ भाग लिहिले असेल, तर १० लिटर इंधनाला २०० मिलिलिटर तेल लागते. अंदाजाने ओतू नये, माप ठेवावे. तेलही अशा मशीनसाठीचेच घ्यावे.

मशीन रॉकेलवर चालणारे असेल तर ते पेट्रोलवर सुरू करावे. चांगले तापले की मग रॉकेल सोडावे. थंड मशीनमध्ये रॉकेल नीट जळत नाही. बंद करण्याआधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर चालवावे. उगाच तासन् तास मंद चालवत ठेवू नये.

काळे झालेले रॉकेल खाडीत ओतू नये. त्याच खाडीतले मासे आपण खातो आणि विकतो.

एक छोटी वही करावी. काजळी कोणत्या तारखेला काढली, प्लग कधी बदलला, तेल किती घातले, ते तिच्यात लिहावे. दोन ओळी पुरेत. पुढच्या वेळी मिस्त्रीने विचारले, "मागं कधी उघडलं होतं?" तर वही उघडून तारीख सांगता येईल.