कनकपुऱ्याचे शिंदे
(बेंगळुरूचे काठावरचे मतदारसंघ : लेखांक 7)

आज मतदारसंघांच्या फेररचनेवर लिहायचं कबूल केलं होतं. पण गेल्या लेखावर जयनगरच्या एका वाचकाने विचारलं, ‘वोक्कलिगांच्या या बालेकिल्ल्यात पी. जी. आर. सिंधिया हा मराठा माणूस सहा वेळा आमदार झालाच कसा?’ या प्रश्नाने मला मोहात पाडलं. फेररचना पुढच्या आठवड्यात.

आधी कनकपुरा लोकसभेची चंचलता पुन्हा डोळ्यांसमोर आणा. 1996 ला जनता दलाचे कुमारस्वामी, 1998 ला भाजपचे एम. श्रीनिवास, 1999 ला काँग्रेसचे चंद्रशेखरमूर्ती, 2002 च्या पोटनिवडणुकीत देवेगौडा, 2004 ला काँग्रेसच्या तेजस्विनी. आठ वर्षांत पाच निवडणुका झाल्या आणि जागा राखणं एकाही पक्षाला जमलं नाही. मात्र त्याच भूमीत कनकपुरा विधानसभेवर सिंधिया ठाण मांडून होते.

सुरुवातच पाहा. जानेवारी 1983 मध्ये कर्नाटकात पहिलं बिगरकाँग्रेस सरकार आलं. मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे तेव्हा आमदारही नव्हते. नुकतेच निवडून आलेले सिंधिया यांनी त्यांच्यासाठी कनकपुरा सोडलं आणि हेगडे तिथून विधानसभेत गेले. 1985 ला हेगडे बसवनगुडीला गेले, सिंधिया आपल्या जागी परतले आणि 2004 पर्यंत हटले नाहीत.

माझं उत्तर असं : वोक्कलिगांची खरी झुंज शेजारच्या सातनूरमध्ये चालली होती. 1985 ला तिथे देवेगौडांनी तरुण डी. के. शिवकुमारांना हरवलं, 1999 ला शिवकुमारांनी देवेगौडांचे चिरंजीव कुमारस्वामींना. दोन्ही घराण्यांचा जीव तिथे गुंतलेला असताना संख्येने किरकोळ जातीचा, कुणाचाच भाऊबंद नसलेला सिंधियांसारखा आमदार कनकपुऱ्यात कुणाला खुपत नव्हता. जात मोजून निकाल सांगणाऱ्या आपल्या पंडितांना हे पटणार नाही, न पटो.

2004 चा निकाल तर मी विद्यार्थ्यांना अभ्यासाला देईन. त्या वर्षी लोकसभा आणि विधानसभा एकत्रच होत्या. जनता दल (सेक्युलर)चे सिंधिया विधानसभेला निवडून आले. त्याच पक्षाचे सर्वेसर्वा, माजी पंतप्रधान देवेगौडा लोकसभेला तिसरे! पहिल्या तेजस्विनी, म्हणजे दूरचित्रवाणीवरच्या पत्रकार, आणि दुसरे भाजपचे रामचंद्र गौडा. देवेगौडा हासनमधूनही उभे होते म्हणून संसदेत पोचले. अर्थात कनकपुरा विधानसभा हा लोकसभेचा एक तुकडाच. शहराच्या दक्षिणेचा अवाढव्य उत्तरहळ्ळीही त्यातच होता आणि तिथल्या मतदाराला गावकीचं सोयरसुतक नव्हतं. 1998 ला भाजपला ही जागा मिळाली त्याचं मूळही मला तिथेच दिसतं.

2008 ला फेररचनेत सातनूर मतदारसंघ नकाशावरूनच गेला, शिवकुमार कनकपुऱ्यात उतरले आणि लोकसभेची पाटी ‘बेंगळुरू ग्रामीण’ झाली. आनेकल, राजराजेश्वरीनगर, बेंगळुरू दक्षिण असे शहरी भाग पोटात असलेलं हे ‘ग्रामीण’! तिथे शिवकुमारांचे भाऊ डी. के. सुरेश 2019 ला दोन लाखांवर मतांनी जिंकले आणि 2024 ला देवेगौडांचे जावई डॉ. मंजुनाथ यांच्याकडून 2,69,647 मतांनी हरले. एवढ्या फरकाच्या जागेला काठावरची का म्हणायचं, हे पुढच्या लेखांकात नकाशा घेऊनच बोलू.