विष्णू सोडला, मग राहू घरात कसा?

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होते. आम्ही त्या दिवशी भंडारदऱ्याजवळच्या एका बौद्ध वस्तीत कायद्याच्या शिबिरासाठी गेलो होतो आणि मुक्कामाला तिथेच राहिलो. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, आणि भिंतीच्या पलीकडे घरातली सात महिन्यांची गरोदर सून दारे-खिडक्या लावून निपचित पडलेली! विळी हातात धरायची नाही, पाणी प्यायचे नाही, कूस बदलायची नाही. सासूबाईंना विचारले, तर म्हणाल्या, "वकीलसाहेब, तुमचा कायदा कोर्टात. पोराचा ओठ फाटला तर कोण जबाबदार?"

या मुलखात राहूची कथा घरोघर आहे. रतनगडाजवळ उगम पावणाऱ्या प्रवरेला अमृतवाहिनी म्हणतात, रतनवाडीत अमृतेश्वराचे देऊळ आहे, राहुरीचे नावही लोक राहूशीच जोडतात. अमृत चोरून प्यायलेल्या राहूचे मुंडके मोहिनीरूपी विष्णूने उडवले आणि तो सूड म्हणून सूर्य-चंद्राला गिळतो, ही ती कथा. पण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानायचे सोडले. मग ज्याचे मुंडके त्या विष्णूने उडवले, तो राहू तेवढा आपल्या माजघरात कसा राहिला?

राहू आहे तरी कोण? भंडारदऱ्याच्या जलाशयाचे सपाट पाणी डोळ्यांसमोर आणा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते ती पातळी म्हणजे हे पाणी. चंद्राची वाट त्याला सुमारे पाच अंशांनी तिरकी, अर्धी पाण्यावर, अर्धी पाण्याखाली. ती वाट ज्या दोन ठिकाणी पाणी कापते, ते दोन बिंदू म्हणजे ज्योतिषांचे राहू आणि केतू. तिथे ना मुंडके, ना धड. पौर्णिमेचा चंद्र या बिंदूंजवळ असला तरच पृथ्वीच्या सावलीत शिरतो. एरवी सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. म्हणून दर पौर्णिमेला ग्रहण नसते. ग्रहण ही सावली आहे, हे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्येच लिहून ठेवले होते.

तरीही राहू टिकला, कारण त्यावर काहींचे पोट होते आणि काहींची पायरी ठरत होती. ग्रहण लागले की आपल्याच आज्या-पणज्यांना गावातून "दे दान, सुटे गिराण" अशी हाळी देत फिरावे लागे. गावाचे पाप जुन्या कपड्यात, मूठभर दाण्यात बांधून महार-मांगांच्या पदरात टाकायचे, अशी ती सोय होती. १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा म्हणून सांगितले. लोकांनी झोळी टाकली. झोळीतली भीती मात्र काही घरांत शिल्लक राहिली.

(आमच्या त्रिपिटकातही राहूने चंद्राला धरल्याचे सुत्त आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. ते लपवायचे कारण नाही. तपासल्याशिवाय काहीच मानू नका, ही शिकवणही तिथलीच.)

कायद्याचे म्हणाल, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत ग्रहणात सुनेला कोंडणे बसत नाही. संविधानाच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य आहे खरे, पण त्याची नोटीस सासूबाईंना कोण बजावणार?

म्हणून आम्ही वाद घातला नाही. एवढेच सांगितले, की बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच घडून होतो. सातव्या महिन्यात सावली तो काय फाडणार? उलट पोटुशीला तासन्‌तास पाण्यावाचून ठेवणे हाच धोका. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या.

अकरा वाजता चंद्र पूर्ण सावलीत गेला. ढगांच्या फटीतून तो तांबूस दिसत होता. पृथ्वीच्या हवेतून वळून गेलेला लाल प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो. कडी वाजली. सून ओट्यावर आली, मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन सासूबाई. "पी आधी," म्हणाल्या, "मग बघ."