मैदानाआधीची नोंदवही

शालेय क्रीडा स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्याला मैदानावर पाऊल ठेवण्यापूर्वी कागदावर पात्र ठरावे लागते, आणि महाराष्ट्रात ही पात्रता मुख्यत्वे दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते : संबंधित विद्यार्थी त्या शाळेच्या पटावर नियमित म्हणून नोंदलेला आहे काय, आणि त्याचे वय स्पर्धेच्या गटात बसते काय. हे दोन्ही प्रश्न वरवर साधे दिसत असले, तरी त्यांची उत्तरे शाळेच्या एकाच दप्तरात, म्हणजे ज्याला जनरल रजिस्टर किंवा प्रवेश-निर्गम नोंदवही म्हणतात त्यात, अनेक वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलेली असतात.

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगाव येथील एखाद्या शाळेचा कबड्डी संघ स्पर्धेत उतरतो, तेव्हा त्याची वाटचाल तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी होते. राज्याचे क्रीडा व युवक सेवा संचालनालय या स्पर्धा भरवते, जिल्ह्याच्या पातळीवर ते काम जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयाकडे असते, आणि राज्याच्या निवडलेल्या खेळाडूंना पुढे 1954 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय शालेय खेळ महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेत संधी मिळते. गट 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे तीन असून शेवटच्या गटात कनिष्ठ महाविद्यालयांचे विद्यार्थीही येतात.

प्रवेशाची अट समजण्यास सोपी आहे. खेळाडू ज्या शाळेकडून खेळतो त्या शाळेत तो खरोखर शिकत असला पाहिजे, आणि त्याचा पुरावा म्हणून छायाचित्र, जन्मतारीख, रजिस्टर क्रमांक व इयत्ता यांच्या नोंदी असलेले ओळखपत्र मुख्याध्यापकांच्या सहीने द्यावे लागते. शाळेचा गोल शिक्का अर्धा छायाचित्रावर आणि अर्धा कागदावर उमटवण्याची पद्धत फोटो बदलता येऊ नये म्हणूनच आहे. शाळा बदललेल्या मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला, बोलीभाषेत टीसी, नव्या शाळेत जमा होऊन तिथे नाव दाखल झालेले नसेल, तर तो नव्या शाळेचा खेळाडू ठरत नाही. चांगला चढाईपटू दुसऱ्या शाळेतून चार दिवसांसाठी उसना आणण्याचा मोह जिंकू पाहणाऱ्या प्रत्येक गावाला होतो, आणि हा नियम मुळात त्या मोहासाठीच आहे. कबड्डीत संघ बारा जणांचा असतो व मैदानात सात जण उतरतात, परंतु बारांपैकी एकाचाही कागद खोटा ठरला तर साऱ्या संघाच्या वर्षभराच्या मेहनतीवर पाणी पडू शकते.

वयाची अट मात्र अधिक खोल आहे. वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मोजले जाते. उदाहरणार्थ, 2024-25 या वर्षी 14 वर्षांखालील गटासाठी जन्म 1 जानेवारी 2011 रोजी किंवा त्यानंतरचा असणे आवश्यक होते, आणि 17 वर्षांखालील गटासाठी ती तारीख 1 जानेवारी 2008 होती. याचा परिणाम असा, की 30 डिसेंबर 2010 रोजी जन्मलेला मुलगा सप्टेंबरच्या तालुका स्पर्धेत प्रत्यक्षात तेरा वर्षांचाच असूनही सोळा वर्षांच्या मुलांसमोर उभा राहतो. कोठेतरी रेघ ओढावीच लागते हे मान्य केले, तरी तेरा ते सोळा या वयात मुलांच्या उंचीत व ताकदीत पडणारा फरक पाहता या रेघेची किंमत काही मुलांना जबर मोजावी लागते.

वयचोरी, म्हणजे वय कमी दाखवून लहान गटात खेळणे, हा या क्षेत्रातील सर्वाधिक चर्चिला जाणारा गैरप्रकार असून केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने 2010 मध्ये त्याविरुद्ध राष्ट्रीय संहिता तयार केली. क्रिकेटसारख्या खेळांत मनगटाच्या क्ष-किरण तपासणीतून हाडांचे वय ठरवले जाते, कारण वाढीच्या काळात हाडांची टोके ठरावीक क्रमाने जुळत जातात. तालुक्याच्या स्पर्धेत अशी तपासणी शक्य नसल्याने तिथे भार कागदावर येतो, आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर काढलेला जन्मदाखला संशयाचा ठरत असल्यामुळे जुना दाखला किंवा इयत्ता पहिलीच्या प्रवेशनोंदीचा उतारा मागितला जातो.

परंतु ग्रामीण मराठवाड्यात नोंदवहीने मुलाचे वय उलट वाढवून ठेवल्याची उदाहरणेही कमी नाहीत, आणि या बाजूची चर्चा फारशी होत नाही. जन्माची नोंद नसलेल्या मुलाचे नाव शाळेत घालताना, जून महिन्यात प्रवेशाचे वय पूर्ण दिसावे म्हणून गुरुजींनी 1 जून ही तारीख लिहून टाकण्याची प्रथा महाराष्ट्रात इतकी रूढ होती, की एकाच वर्गातील निम्म्या मुलांचे वाढदिवस एकाच दिवशी येणे कोणालाही नवलाचे वाटत नसे. पावसाळ्यानंतर जन्मलेले मूल अशा नोंदीने काही महिन्यांनी, क्वचित दीड वर्षानेही मोठे होते, आणि जिथे त्याला खेळण्याचा हक्क होता तो गट त्याच्या हातून निसटतो. ही तारीख दुरुस्त करणे मुख्याध्यापकांच्या एकट्याच्या हातात नाही. माध्यमिक शाळा संहितेनुसार त्यासाठी शिक्षण विभागाची परवानगी लागते.

गुणांच्या बाबतीत महाराष्ट्र आणि अमेरिका यांच्या दिशा परस्परविरुद्ध आहेत. टेक्सास राज्याने 1984 मध्ये केलेल्या कायद्यानुसार एखाद्या विषयात 70 पेक्षा कमी गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला सहा आठवडे शालेय स्पर्धांतून बाहेर बसावे लागे, आणि पास नाही तर खेळ नाही हे सूत्र तिथे घराघरांत पोहोचले. महाराष्ट्रात अमुक टक्के मिळवले तरच खेळता येईल अशी अट नाही. उलट खेळातील कामगिरीबद्दल दहावी-बारावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळतात, आणि 2018 च्या शासन निर्णयाने त्यांची प्रतवारी स्पर्धेच्या स्तरानुसार ठरवली. नापास मुलाला मैदानावरूनही हाकलण्यापेक्षा ही पद्धत अधिक माणुसकीची आहे. मात्र कागदाला गुणांचे, आणि पुढे शासकीय नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणाचे मोल आल्यावर कागदाची बनवाबनवीही वाढते, हे बनावट प्रमाणपत्रांच्या प्रकरणांनी राज्यात दाखवून दिले आहे.

नियमित विद्यार्थी या अटीचा खरा फटका बसतो तो हंगामी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना. पावसाळा संपल्यावर हिंगोली जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर मूल गेले, तर नाव पटावर राहूनही मूल गावात राहत नाही, आणि शालेय स्पर्धांचे वरचे टप्पे नेमके त्याच सुमारास येतात. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृहे चालवण्याची शासनाची योजना आहे, आणि तिचा विचार केवळ शिक्षणाच्या अंगाने न होता खेळाच्या अंगानेही व्हायला हवा.

जन्माची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत मोफत होते, आणि वर्ष उलटल्यावर तीच नोंद करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावे लागते. म्हणून पालकांनी मुलाचे नाव पहिलीत घालतानाच जन्मदाखला आणि रजिस्टरमधील तारीख एक आहे की नाही ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, आणि तफावत असेल तर मूल ती शाळा सोडण्यापूर्वी लेखी अर्ज द्यावा. शाळा सुटल्यानंतर ही दुरुस्ती फार अवघड होऊन बसते.